मंगलीच्या नावाची आंघोळ

फजिती ऐकायचीय ना? माझीच? मग ओता चहा, आणि हसायचं असेल ते सुरुवातीलाच हसून घ्या. पुढे पुढे जरा अवघड जातं. मला तरी जातं, इतकी वर्षं झाली तरी!

मी पुण्याचा. म्हणजे शुद्ध बोलणारा. दुसऱ्याचं व्याकरण चुकलं की माझ्या पोटात दुखायचं. वय विशीच्या आतबाहेर, आणि अक्कल? ती त्या वयात असते कुणाला? त्यातून पुण्यात प्लेग. आख्खा हिवाळा आम्ही गावाबाहेर माळावर झोपडीत काढलेला. सकाळी उठलो की मी आधी काखेत गाठ आलीय का ते चाचपायचो आणि मग देवाचं नाव घ्यायचो. शेवटी आई वैतागली. म्हणाली, "ह्याला जव्हारला माझ्या भावाकडे धाडा. हवा चांगली आहे, आणि ह्याचं चाचपणं तरी मला बघायला नको!"

तर आलो जव्हारला. नाशिक, त्र्यंबक, मोखाडा, सगळं बैलगाडीनं. हाडं नुसती खिळखिळी झाली. मामा दरबारच्या कचेरीत नोकरीला. जव्हार म्हणजे राजाची राजधानी खरी, पण आमची एक पेठ भरणार नाही एवढंसं गाव. मी आपला दिवसभर मामींच्या ओसरीवर बसून.

मामा म्हणाले, "अरे, असा उंबऱ्यात बसून काख काय चाचपतोस? उद्या काकड्याला सांगतो. तो दाखवील तुला गाव. तुझ्या एकट्यासाठी, खास."

काकड्या कचेरीच्या कामाला यायचा. साहेबलोक जंगलात निघाले की वाट दाखवायला हा पुढे. काटक माणूस, कमरेला कोयता, आणि चेहरा असा की हसतोय की उन्हानं डोळे मिटलेत ते कळू नये. माझ्यापेक्षा दुपटीनं मोठा. पण त्यांच्या बोलीत अहोजाहो नाहीच. राजा समोर आला तरी 'तू'. मग माझी काय कथा!

"चल दादा," म्हणाला, "तुला जवार दाखवतांव."

आता मला काय हवं होतं? इतिहास! रोमांच! परत जाऊन मित्रांना सांगायला चार गोष्टी! आणि काकड्याचं दाखवणं कसं होतं ते ऐका.

"हा राजाचा वाडा."

"किती जुना रे?"

"माझा आजा सांगं, त्याच्या आजाच्या आंदीचा."

"आणि हा चौथरा?"

"चौथरा."

"ते दिसतंय मला! कशाचा?"

"दगडांचा."

पुढे शिरपामाळ. सुरतेच्या वाटेवर छत्रपती तिथे थांबले, जव्हारच्या राजानं त्यांची भेट घेतली, हे मामांनी मला आधीच पढवून ठेवलेलं. मी काटा यावा म्हणून बाह्या वर करून तयार. काकड्यानं माळाकडे बोट केलं.

"हितं राजा राजाला भेटला."

"मग?"

"मंग गेला."

"गेला? बस, एवढंच?"

"पानी नाय ना दादा हितं. कोन ऱ्हाईल?"

झालं! आमचा इतिहास तिथेच संपला. मी हिरमुसलो. काकड्याला ते कळलं असावं, कारण त्यानं मला गावाच्या टोकाला, दरीच्या काठावर नेलं. समोर डोंगरांमागे डोंगर, सगळे उन्हानं भाजून तांबडे झालेले, आणि खाली उतारावर थोडीशी कुडाची घरं.

"तो माझा पाडा," तो म्हणाला. "उन लागलं तुला. चल, सावलीला बस जरा."

उतरायला लागलो. बोलायचं म्हणून मी विचारलं, "काकड्या, तू मूळचा इथलाच का रे?"

"मी कोकना," तो म्हणाला. मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "पन बायकू वारली."

आता बघा हं! कोकणा ही तिथली एक जमात आणि वारली ही दुसरी, हे आज तुम्हाला सांगायला मी शहाणा. तेव्हा मला काय ठाऊक? मी ऐकलं ते असं, की मी कोकणातला आणि माझी बायको मेली. मला तर भडभडून आलं. मघापासून हा माणूस एकेक शब्द का बोलतोय, ते मला आत्ता कळलं असं वाटलं.

"अरेरे! फार वाईट झालं रे."

तो थबकला. "तुला वाईट वाटतं?"

"वाटणारच! माणूस आहे मी."

"आमच्या लोकांना नाय वाटत, दादा," तो म्हणाला. "वारली म्हनून माला घरात घेत नाय. पंगतीला घेत नाय. आयस बोलत नाय माझी. तवांपासून हितं खाली ऱ्हातांव."

बायको मेली म्हणून आई बोलत नाही? घरात घेत नाहीत? माझ्या मनात पाल चुकचुकली.

"तिची आई आहे?"

"ती वारली."

"आणि वडील?"

"बास बी वारली."

बाप वारली? अरे वारला म्हण, वारला! पण मनात म्हटलं, जाऊ दे, दुःखात माणसाचं व्याकरण सुटतं.

"भाऊबंद कोणी?"

"समदे वारली. आख्खा पाडा वारली."

"पोरंबाळंसुद्धा?"

"पोरं बी वारलीच. दुसरं काय व्हतील?"

प्लेग! दुसरं काय असणार? आख्खा पाडा साफ झालाय, हा एकटा उरलाय, गाव ह्याला दारात उभं करत नाही, आणि मी, प्लेगला भिऊन पुण्याहून पळालेला मी, ह्याच्या मागोमाग थेट त्या पाड्यात चाललोय! माझा हात आपोआप काखेत गेला.

पण खरं सांगू? पळालो नाही. त्या माणसाचा चेहरा बघून पाय निघेना. उलट त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "काकड्या, फार सोसलंस रे बाबा तू." आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! काकड्याचेही डोळे भरले. जातीबाहेर बायको केली म्हणून त्याला इतकी वर्षं कुणी बरं म्हटलं नव्हतं, आणि हा पुण्याचा पोरगा त्याच्यासाठी रडत होता. त्या उतारावर भर दुपारी आम्ही दोघं रडत उभे. दोघांची दुःखं वेगळी, आणि एकाला दुसऱ्याचं ठाऊक नाही.

पाड्यात आलो. अंगणं सारवलेली, कोंबड्या फिरताहेत, एक म्हातारी सुपात नाचणी पाखडतेय. म्हटलं, वाचली असेल बिचारी.

काकड्यानं मला सावलीत बसायला सांगितलं. पण मी बसतोय कसला? मेलेल्याच्या घरी गेलं की आंघोळ केल्याशिवाय मामींच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येणार नव्हतं, आणि इथे तर आख्खं गाव मेलेलं!

"काकड्या, मला आंघोळीला पाणी हवं."

"आंगोल? आता?"

"आत्ता. आमच्यात रीत आहे."

तो गोंधळून मला बघत राहिला. तेवढ्यात खालच्या ओहळाकडून एक बाई चढून आली. डोक्यावर एकावर एक दोन मडकी, घामानं निथळलेली, पण चालणं असं की थेंब सांडू नये. काकड्या तिच्याशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलला. तिनं माझ्याकडे बघितलं, मडक्यांकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. आणि मडकी उतरून पुढे ठेवली.

मी दगडावर बसलो आणि ती दोन्ही मडकी धोतरासकट डोक्यावरून ओतून घेतली. मंत्र म्हटला. दिवंगत आत्म्याला शांती मिळो म्हणून मोठ्यानं प्रार्थनाही केली. ती बाई उभीच. शेवटचं मडकं पालथं होताना तिनं डोळे मिटून घेतले, ते मला आज आठवतं. तेव्हा वाटलं, शोक करतेय.

निथळत उभा राहिलो आणि विचारलं, "बाई, तुम्ही ह्याच्या कोण?"

"मी? मी याची बायकू. मंगली."

"म्हणजे दुसरी?"

"दुसरी कशाला? पयली."

"पण पहिली तर वारली!"

"व्हय," ती म्हणाली. "मीच ती वारली."

आई गं! मी जो उडालो, तो एक पाय मडक्यात! मडक्याच्या ठिकऱ्या. ओल्या धोतरानिशी तो चढ मी असा चढलो की बकरीनं तोंडात बोट घालावं. बाजारात वाण्यानं अडवलं, "अहो, झालं काय?" मी एका दमात ओरडलो, "प्लेग! भूत!" कशाला आधी भ्यावं ते बिचाऱ्याला कळेना. त्यानं दुकानच बंद केलं.

मामांनी सगळं ऐकलं. मग ते असे हसायला लागले की मामींनी त्यांच्या पाठीवर थोपटलं. "अरे गाढवा! वारली ही जात आहे जात! तिच्यात सगळे वारली. बाप वारली, आई वारली, कोंबडा असता तर तोही वारली!" कचेरीपर्यंत बातमी गेली. संध्याकाळपर्यंत जव्हारात मला बघून न हसलेला माणूस उरला नाही.

मग एकाएकी मामा हसायचे थांबले.

"आंघोळ केलीस म्हणालास. किती पाण्यानं?"

"दोन मडकी."

"शाबास!" ते म्हणाले. "ओहळ आटलाय. खाली वाळूत झिरा उकरून ठेवलाय, त्यात पाणी पाझरेल तसं ह्या बाया करवंटीनं भरतात. पहाटे जातात, तेव्हा कुठे दुपारी दोन मडकी होतात. आज त्या घरात प्यायला काय असेल, विचार कर जरा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पाड्यावर. मान खाली. मंगली उंबऱ्यात बसलेली. मला बघून तिनं काकड्याला हाक मारली, "अरं, सुतकी दादा आला!" झालं, तेव्हापासून माझं नाव तेच पडलं.

मी सगळं कबूल केलं. म्हटलं, "आमच्याकडे माणूस मेलं की मेलं म्हणत नाहीत. मानानं वारलं म्हणतात. तिथे घोळ झाला."

तिनं ते काकड्याला पुन्हा पुन्हा विचारून नीट समजून घेतलं. आणि मग जी हसली! पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आमी तं मेलं म्हनतांव. कोंबडी मेली, मानूस मेला. पर तुमचा शबुद गोड हाय. मी जितेपनी बी वारली, मेल्यावर बी वारली! लोकांना नवा शबुद शिकाया नको."

मग हसू ओसरलं तशी म्हणाली, "पन दादा, तू खरोखर रडलास? माझ्यासाठी?"

"हो."

"याची आयस माझं तोंड बगत नाय. आनि तू तोंड न बगताच रडलास!"

मी म्हटलं, "मंगली, मी तुमचं मडकं फोडलं. पुढच्या उन्हाळ्यात येताना नाशिकहून पितळी कळशी आणतो. फुटायची नाही."

"पितली?" तिनं डोळे मोठे केले. "माझ्यासाठी?"

ते सगळे दिवस मी रोज दुपारी त्या पाड्यावर. गाव बघणं राहिलंच. मंगली काम करता करता बोलायची, मी ऐकायचो, अर्धं कळायचं. कळशीचं मात्र तिनं साऱ्या पाड्याला सांगून टाकलं. निघताना सुद्धा दरीच्या काठापर्यंत आली आणि खालून कोणीतरी ऐकावं इतक्या मोठ्यानं म्हणाली, "पितलीच आन हां दादा! माझी नदर हाय तिच्यावर!"

पुढच्या उन्हाळ्यात मी नाशिकच्या तांबट आळीत तासभर घालवला. ही जड, ती बेढब, करता करता एक निवडली. हलकी, गोल, काठ वळवलेला. त्र्यंबकहून मोखाड्यापर्यंत आणि तिथून जव्हारपर्यंत ती माझ्या मांडीवर. गाडी आदळली की टण्‌ वाजायची. गाडीवान म्हणाला, "लगीन हाय काय घरात?" म्हटलं, "तसंच समज."

मामांच्या घरी वळकटी टाकली आणि हातपायही न धुता कळशी घेऊन निघालो. मामी मागून ओरडताहेत, "अरे, ऐकून तरी जा!" ऐकतोय कोण? वाटेवरच काकड्या भेटला. चढावर एका दगडावर बसलेला. वाळला होता. मला बघून उठला.

मी कळशी उंच धरली. "बघ! आणली की नाही? कुठाय मंगली?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग सावकाश म्हणाला, "वारली."

आणि मी हसलो.

अहो, हसलो म्हणजे खदाखदा हसलो! त्याच्या पाठीवर थाप मारली. "हां! ते माहीत आहे मला! जन्मापासून वारली! एकदा फसलो, पुन्हा नाही फसायचा हा सुतकी दादा!" आणि तसाच कळशी वाजवत उतारावरून खाली धावलो. "मंगली! ओ मंगली! कळशी आली!"

अंगण सारवलेलं नव्हतं. म्हातारी सूप घेऊन बसली होती. माझी हाक ऐकून तिचे हात थांबले. घराच्या दाराला कडी. कळशी माझ्या हातात, आणि ती टण्‌ टण्‌ वाजायची हळूहळू थांबली.

काकड्या मागून आला. म्हणाला, "गेल्या पावसाच्या तोंडाला ताप आला. उतरला नाय. मेली म्हनू नको म्हनाली. दादाचा शबुद सांग, मान हाय त्यात."

मी तिथेच मटकन बसलो. रडू येईना. ती जिवंत होती तेव्हा मी तिच्यासाठी धाय मोकलून रडलो होतो, आणि ती गेली ही बातमी तिच्या नवऱ्यानं मला तोंडावर सांगितली, तर मी त्याच्या पाठीवर थाप मारली! सांगा, ह्याहून मोठा गाढव तुम्ही पाहिलाय?

"काकड्या," मी कसंबसं म्हटलं, "माफ कर रे."

"कशाला? ती तुला हसताना ऐकती तं तीबी हसती."

मग काही सुचेना म्हणून, आणि काहीतरी करायलाच हवं म्हणून, मी म्हटलं, "मला आंघोळ करायला हवी. तिच्या नावानं. मी खाली झिऱ्यावर जाऊन करतो, पाणी माझं मी भरीन."

काकड्यानं मान हलवली.

"नाय. तिनं सांगून ठेवलंय. सुतकी दादा येल, माझं ऐकंल, आनि आधी आंगोल मागंल. त्याला पानी देऊ नको. माझी आंगोल त्यानं मांगंच केलीय. दोन मडकी घेतलीत. एका मानसाला एकदाच."

तेव्हा मात्र रडलो. माझ्या हातातली कळशी काकड्यानं घेतली, उन्हात फिरवून बघितली, बोटानं वाजवली आणि खाली ओहळात उतरला. फार वेळानं परत आला. कळशी भरलेली नव्हती, बुडाशी थोडं पाणी होतं. ती त्यानं माझ्यापुढे धरली.

"पी," म्हणाला. "पानी प्यायला असतं."

त्या घरचं पाणी मी तोवर कधी प्यालो नव्हतो. मागच्या खेपेला रोज जात होतो, तरी नाही. मंगलीनंही कधी पुढे केलं नव्हतं. तिला आमच्या रीती ठाऊक होत्या. मी कळशी तोंडाला लावली आणि प्यालो. थोडी वाळू आली दातांखाली.

कळशी तिच्या उंबऱ्यात ठेवून परत फिरलो. घरी आलो तेव्हा मामी दारातच उभ्या. तोंड बघून त्या समजल्या.

"तेच सांगत होते रे मघाशी," त्या म्हणाल्या. मग पदर सावरत बाजूला सरल्या, पण वाट काही दिली नाही. "मेलेल्याच्या घरून आलास. आंघोळ केलीस ना?"

"केली, मामी."

त्यांनी माझ्या कोरड्या डोक्याकडे बघितलं, कोरड्या धोतराकडे बघितलं.

"कधी?"

"मागच्या उन्हाळ्यात," मी म्हटलं.